परमवीर अब्दुल हमीद : चार पदकांतून दिसणारे आयुष्य

भारतीय सेनेतील शूरांची नावे घेण्याची वेळ आली म्हणजे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव आपोआप ओठावर येते. त्यांची जीप, जीपवरची लांब नळीची तोफ आणि समोर पेटलेला पॅटन रणगाडा हे चित्र लहानथोरांना परिचित आहे. १९८८ साली दूरदर्शनवर चेतन आनंद यांची परमवीर चक्र ही मालिका झाली. तिच्यात नसीरुद्दीन शाह यांनी हमीदांची भूमिका केली होती. २००० साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २०२४ साली एन.सी.ई.आर.टी.च्या सहावीच्या अभ्यासक्रमात त्यांच्यावरील पाठ आला. ही सर्व स्मारके योग्यच आहेत.

परंतु या सर्व ठिकाणी आपल्याला दिसतात ते रणांगणावरील हमीद. त्यांचे आयुष्य बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांतील जवळजवळ पावणेअकरा वर्षे त्यांनी फौजेत काढली. उरलेल्या साऱ्या दिवसांचे काय? एका शिंप्याचा मुलगा तोफेचा असा अचूक नेमबाज कसा झाला? ज्याच्याकडे पलटणीच्या कोठाराचा हिशेब होता तो माणूस ऐन लढाईत तोफेवर कसा आला? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांच्या छातीवरील पदके एकेक करून वाचणे. परमवीर चक्राखेरीज त्यांच्या नावावर आणखी तीन पदके सांगितली जातात : सैन्य सेवा मेडल, समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. मोठ्या पदकाच्या तेजापुढे या तिघांकडे कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात या चारही पदकांच्या आधाराने हमीदांच्या जीवनाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पदक वाचायचे कसे?

सैनिकाची पदके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार शौर्यपदकांचा. एखाद्याने विशिष्ट दिवशी, विशिष्ट जागी जे असामान्य धैर्य दाखवले त्याबद्दल ते पदक मिळते. ते थोड्यांच्याच नशिबी येते. दुसरा प्रकार मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांचा. अमुक युद्धात जो जो रणक्षेत्रात होता, अथवा अमुक खडतर प्रदेशात ज्याने ठरावीक काळ नोकरी केली, त्या प्रत्येकाला हे पदक मिळते. त्यामुळे लोक त्याला कमी लेखतात. पण इतिहास लिहिणाऱ्याला या दुसऱ्या प्रकाराचाच अधिक उपयोग होतो, कारण माणूस कोठे कोठे होता हे त्यावरून कळते.

पदक हाती आले की जाणकार प्रथम त्याची कड पाहतो. मोहिमेच्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मग तो फितीचा रंग पाहतो, कारण प्रत्येक पदकाची फीत निराळी असते. फितीवर धातूची लहान पट्टी असेल तर तिच्यावर प्रदेशाचे अथवा मोहिमेचे नाव असते. त्यानंतर सरकारी राजपत्र, पलटणीचा इतिहास आणि घरातील कागदपत्रे यांच्याशी हे सर्व ताडून पाहायचे असते. क्रमांकाला येथे फार महत्त्व आहे. अब्दुल हमीद नावाचे जवान फौजेत अनेक होऊन गेले असतील, पण २६३९८८५ हा क्रमांक एकाच अब्दुल हमीदांचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पदकाच्या कडेवर क्रमांक असतो, हुद्दा असतो, नाव असते, पलटण असते. जात आणि धर्म यांसाठी तेथे जागा ठेवलेली नाही.

धामूपूरचा मुलगा

अब्दुल हमीद यांचा जन्म १ जुलै १९३३ रोजी उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर या खेड्यात झाला. वडिलांचे नाव मोहम्मद उस्मान आणि आईचे सकीना बेगम. वडील शिवणकाम करीत. हमीदही लहानपणी त्यांना मदत करीत असत. कुस्ती, पोहणे, लाठी आणि नेमबाजी यांचा त्यांना नाद होता असे त्यांच्या गावाकडे सांगतात. गरीब घरातील, अंगाने काटक आणि हाताने स्थिर असलेला हा तरुण २७ डिसेंबर १९५४ रोजी ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते.

पुढे त्यांची नेमणूक चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीत झाली आणि अखेरपर्यंत ते त्याच पलटणीत राहिले. या रेजिमेंटचे मूळ जुन्या मुंबई फौजेत आहे. १९२२ च्या पुनर्रचनेनंतर तिचे नाव चौथी बॉम्बे ग्रेनेडियर्स असे होते आणि हमीदांची पलटण त्यापूर्वी १०९ वी इन्फन्ट्री म्हणून ओळखली जाई. तेव्हा गाझीपूरच्या या जवानाच्या खांद्यावर जे नाव होते त्याचा आपल्या मुंबई इलाख्याशी जुना संबंध आहे, हे महाराष्ट्रातील वाचकांना कळले तर आनंदच होईल.

पहिले पदक : कष्टाचे

हमीदांच्या हयातीत त्यांच्या छातीवर येऊ शकले असे पदक म्हणजे सैन्य सेवा मेडल. हे पदक १९६० साली सुरू झाले. ते लढाईबद्दल मिळत नाही. अतिशय कठीण हवामानात आणि हालअपेष्टांच्या परिस्थितीत केलेल्या सेवेबद्दल ते दिले जाते. त्याच्या फितीवर प्रदेशाची पट्टी लावतात. हमीदांच्या पदकावर जम्मू आणि काश्मीरची पट्टी आहे.

या छोट्या पट्टीचा अर्थ नीट समजून घ्यावा. आग्रा, अमृतसर, दिल्ली, जम्मू-काश्मीर, ईशान्य सीमेचा नेफा प्रदेश, रामगढ असा चौथ्या ग्रेनेडियर्सचा आणि त्यांच्याबरोबर हमीदांचा प्रवास झाला. गंगेकाठच्या सपाट मुलखातून आलेल्या माणसाला डोंगरातील चौकीवरची थंडी, पाठीवरचे ओझे आणि महिनोन्‌महिने घरापासूनचा दुरावा यांची सवय करून घ्यावी लागली. या काळात कोणी त्यांचे नाव वर्तमानपत्रात छापले नाही. पहारा, कवायत, शस्त्राची साफसफाई आणि पुन्हा पहारा, असे ते दिवस होते. सैन्य सेवा मेडल त्या दिवसांची साक्ष देते.

याच वर्षांत हमीद पलटणीच्या रणगाडाविरोधी तुकडीत आले. तेथे त्यांनी सुमारे पाच वर्षे काम केले. १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफ हे त्यांचे हत्यार झाले आणि अख्ख्या पलटणीत त्या तोफेचा त्यांच्याइतका अचूक नेमबाज दुसरा नाही असा त्यांचा लौकिक झाला.

पदकांत न दिसणारे वर्ष

पदके वाचताना जे पदक नाही त्याचाही विचार करावा लागतो. हमीदांच्या नावापुढे नेहमी छापल्या जाणाऱ्या पदकांत १९६२ सालचे नाव नाही. केवळ पदकांवर विसंबणारा माणूस असे समजेल की त्या वर्षी ते कोठेतरी शांत छावणीत असतील. पलटणीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९६२ साली चौथी ग्रेनेडियर्स ही ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडमध्ये होती आणि ही ब्रिगेड नेफामधील नामका चू नदीच्या काठी उभी होती. अपुरा दारूगोळा, थंडीला न पुरणारे कपडे आणि समोर संख्येने कितीतरी मोठा शत्रू अशी अवस्था होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने हल्ला केला आणि ब्रिगेडची वाताहत झाली. स्वतः दळवी शत्रूच्या हाती सापडले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे सेकंड लेफ्टनंट जी. व्ही. पी. राव यांना या लढाईबद्दल मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. वेढ्यात सापडलेली पलटण लढत लढत भूतानच्या हद्दीत शिरली आणि तेथून पायी चालत आसाममधील मिसामारीला पोहोचली. हमीद याच पलटणीचे जवान होते.

पराभवाची ही वाटचाल कोणी फारशी आठवत नाही. पण तीन वर्षांनी पंजाबच्या उसाच्या शेतात जी पलटण आपल्या खंदकांतून हलली नाही ती हीच, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच पदकांचा अभ्यास करणाऱ्याने पदकांपाशी थांबू नये, पलटणीच्या इतिहासापर्यंत जावे.

दोन पदके, जी त्यांनी पाहिली नाहीत

चीनबरोबरच्या युद्धानंतर पलटण अंबाल्याला आली. तेथे हमीदांना बढती मिळून ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार झाले. हा हुद्दा म्हणजे कंपनीच्या कोठाराची जबाबदारी. वर्दी, अंथरूण-पांघरूण, दारूगोळा, शिधा, सगळ्याचा हिशेब त्याच्याकडे. काम बिनचूक माणसाचे असते, पण ते आघाडीचे काम नव्हे.

१९६५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोरी सुरू झाली आणि सप्टेंबरच्या आरंभी उघड युद्ध पेटले. चौथ्या ग्रेनेडियर्सला पुढे जाण्याचा हुकूम झाला. त्या वेळी पलटणीच्या प्रमुखांना आपला उत्तम नेमबाज कोठारात ठेवणे परवडणारे नव्हते. हमीदांना रिकॉइललेस तोफांच्या तुकडीवर परत बोलावण्यात आले. कोठाराचा हिशेब ठेवणारा हात पुन्हा तोफेवर आला तो असा. तो प्रसंगाने अचानक घडलेला चमत्कार नव्हता. त्यामागे पाच वर्षांचा सराव होता.

या युद्धाच्या संदर्भात दोन पदके १९६७ साली सुरू करण्यात आली. समर सेवा स्टार हे प्रत्यक्ष रणक्षेत्रात सेवा केलेल्यांसाठी, तर रक्षा मेडल हे युद्धाच्या वेळी दलात असणाऱ्यांसाठी, मग तो आघाडीवरील तोफची असो वा पिछाडीचा कारकून. ही दोन्ही पदके हजारो जवानांना मिळाली आणि हमीदांच्या नावावरही चढली. पण त्या वेळी हमीद हयात नव्हते. परमवीर चक्राप्रमाणेच ही दोन पदकेही त्यांनी कधी पाहिली नाहीत. म्हणजे आज त्यांच्या नावाने जी चार पदके आपण मोजतो त्यांपैकी फक्त एक, कष्टाच्या सेवेबद्दलचे साधे पदक, त्यांना स्वतःच्या छातीवर लावता आले.

असल उत्तरची लढाई

पंजाबच्या सीमेवर खेमकरण नावाचे गाव आहे. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचा बेत असा होता की खेमकरणवरून मुसंडी मारून बियास नदीवरील पुलापर्यंत धडक द्यायची आणि अमृतसरचा भाग तोडून टाकायचा. त्यासाठी त्यांच्याजवळ अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे होते. मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून असल उत्तर या गावाभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी उभारली. कालव्याचे पाणी शेतांत सोडण्यात आले. उंच वाढलेल्या उसाचा आडोसा होताच. चौथ्या ग्रेनेडियर्सला खेमकरण-भिखीविंड रस्त्यावर चीमा गावापुढची जागा मिळाली. जवानांनी रातोरात खंदक खणले आणि ८ सप्टेंबरच्या सकाळपासून रणगाडे अंगावर येऊ लागले.

हमीदांच्या हत्याराविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. साधी तोफ उडाली की मागे जोराचा हिसका बसतो, त्यामुळे ती जड पायावर बसवावी लागते. रिकॉइललेस तोफेत स्फोटाचा काही वायू पाठीमागून बाहेर सोडतात आणि हिसका नाहीसा होतो. म्हणूनच ती जीपसारख्या हलक्या गाडीवर बसते. पण या सोयीची किंमत मोठी आहे. गोळा सुटताच मागे ज्वाला आणि धुळीचा लोट उठतो, त्यामुळे शत्रूला तोफेची जागा कळते. रणगाड्याला जाड पोलादी चिलखत असते, जीपला काहीच नसते. तेव्हा एक गोळा मारायचा आणि शत्रूची नळी आपल्याकडे वळण्यापूर्वी जागा बदलायची, हाच एकमेव उपाय. पहिला नेम चुकला तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. रणगाडा पुरेसा जवळ येईपर्यंत श्वास रोखून थांबावे लागते. हे धैर्य तर आहेच, पण ते शिकून, घोटून कमावलेले कौशल्यही आहे.

१० सप्टेंबर रोजी सकाळी आठ वाजता पाकिस्तानच्या रणगाडा रेजिमेंटने चीमा गावापुढील जागेवर हल्ला चढवला. त्याआधी तोफखान्याचा तुफान मारा झाला. नऊ वाजेपर्यंत रणगाडे पुढच्या ठाण्यांत घुसले होते. परिस्थिती ओळखून हमीद आपली जीप घेऊन बाजूच्या सोयीच्या जागी गेले. तेथून त्यांनी सर्वांत पुढचा रणगाडा निकामी केला. लगेच जागा बदलून दुसरा पेटवला. एव्हाना शत्रूने त्यांना हेरले होते. मशीनगन आणि तोफगोळे यांचा सारा मारा त्या एका जीपवर एकवटला. तरीही हमीद हटले नाहीत. आणखी एका रणगाड्यावर त्यांची तोफ चालू असतानाच शत्रूचा गोळा त्यांच्यावर येऊन पडला आणि ते शहीद झाले.

त्यांच्या मागे फळी तुटली नाही. असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले असा भारतीय बाजूचा हिशेब आहे. पकडलेले आणि मोडलेले पॅटन ज्या ठिकाणी गोळा करून उभे केले त्या जागेला लोकांनी पॅटन नगर असे नाव दिले. आपल्याकडे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील रणगाडा संग्रहालयातही पॅटन पाहावयास मिळतो. शाळेची सहल तिकडे गेली तर मुलांना त्या रणगाड्याशेजारी उभे करावे आणि जीपची उंची आठवण्यास सांगावे. मग पुस्तकातील धड्याचा अर्थ त्यांना अधिक स्पष्ट होईल.

चौथे पदक : वज्राचे

१६ सप्टेंबर १९६५ रोजी, म्हणजे युद्ध चालू असतानाच, हमीदांना परमवीर चक्र जाहीर झाले. हे पदक कांस्य धातूचे असून त्याचा व्यास सुमारे साडेतीन सेंटिमीटर आहे. मध्यभागी राष्ट्रचिन्ह, त्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आणि साधी जांभळी फीत. सोने नाही, हिरा नाही. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा या आकृतीमागे आहे.

या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. या बाई जन्माने युरोपीय. भारतीय फौजेतील मराठी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या मनाने आणि आचाराने पूर्ण भारतीय झाल्या होत्या. युरोपात जन्मलेल्या आणि मराठी घरात नांदलेल्या स्त्रीने हिंदू पुराणकथेतून रेखाटलेले हे चिन्ह गाझीपूरच्या मुसलमान शिंप्याच्या मुलाला मिळाले. या देशाची घडण कशी आहे हे शिकवण्यासाठी शिक्षकाला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

किती रणगाडे?

वर्गात हमीदांची गोष्ट सांगितली की मुलांचा पहिला प्रश्न हमखास असतो, त्यांनी किती रणगाडे उडवले? आणि उत्तरे निरनिराळी मिळतात. कोणी तीन म्हणतो, कोणी चार, कोणी सात, कोणी आठ. मुले गोंधळतात आणि मोठी माणसे सर्वांत मोठा आकडा पसंत करतात.

येथेच पदकाच्या अभ्यासाची शिस्त कामी येते. परमवीर चक्राबरोबरचे सरकारी सन्मानपत्र फक्त १० सप्टेंबरच्या सकाळचे वर्णन करते. त्यात दोन रणगाडे निकामी केल्याचे आणि आणखी एकावर मारा चालू असताना वीरमरण आल्याचे म्हटले आहे. युद्धावरील इतर वृत्तांत ८ तारखेपासूनचे सर्व दिवस धरतात, त्यामुळे त्यांची बेरीज मोठी होते. शिवाय फुटलेला रणगाडा आणि घाबरून चालकांनी सोडून दिलेला रणगाडा एकाच हिशेबात धरायचा की वेगळा, यावरही आकडा बदलतो. म्हणजे सगळे आकडे एकाच गोष्टीची मोजदाद करीत नाहीत.

मुलांना हे असेच सांगावे असे माझे नम्र मत आहे. कोणत्या कागदात काय आहे, तो कागद कोणत्या दिवसापुरता आहे, हे सांगावे. आकडा वाढवल्याने हमीद मोठे होत नाहीत. उघड्या जीपवरून एक रणगाडा अडवणाऱ्या माणसाची योग्यता सातांनी वाढत नाही आणि दोघांनी कमी होत नाही. उलट, ऐकीव मोठा आकडा उद्या कोणी खोडून काढला तर मुलांना मूळ गोष्टीविषयीच शंका वाटू लागेल. सत्याची ही जपणूक म्हणजे शहिदाविषयीचा आदरच होय.

दुसरी एक गोष्टही मोकळेपणाने लिहिली पाहिजे. आपल्या समाजावर कोणी बोट दाखवले की आपण घाईघाईने हमीदांचे नाव पुढे करतो, जणू ते नाव म्हणजे सर्वांच्या वतीने दिलेला दाखला आहे. त्यामागची वेदना समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे हमीदांवर अन्याय होतो. ते कोणासाठी पुरावा गोळा करण्यास तोफेवर बसले नव्हते. त्यांच्या पलटणीची जागा होती, शेजारच्या खंदकांत निरनिराळ्या धर्मांचे साथीदार होते आणि हाताशी असलेले काम त्यांना येत होते. ते त्यांनी केले. आपण त्यांचे नाव घ्यावे ते अभिमानाने आणि अनुकरणासाठी घ्यावे, बचावासाठी नव्हे.

पदके घरी आली

२६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते हमीदांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी परमवीर चक्र स्वीकारले. त्यानंतर त्या त्रेपन्न वर्षे जगल्या. पतीचे स्मारक व्हावे, त्यांचा स्मृतिदिन पाळला जावा, गावात सैन्यभरतीची सोय व्हावी यांसाठी त्या उतारवयातही खेपा घालीत राहिल्या. २००८ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना भेटून त्यांनी या मागण्या मांडल्या होत्या. १० सप्टेंबर २०१७ रोजी गाझीपूर जिल्ह्यातील स्मारकाचे अनावरण तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या हस्ते झाले. २ ऑगस्ट २०१९ रोजी रसूलन बीबी अल्लाला प्यारी झाल्या. असल उत्तर येथे हमीदांची कबर आहे आणि तेथे त्यांच्या स्मृतिदिनी लोक जमतात.

पदक देणारे सरकार असते, पण ते सांभाळणारे घर असते. त्या घरातील स्त्रीने पेटी जपली, तारखा लक्षात ठेवल्या आणि नातवंडांना गोष्ट सांगितली, म्हणूनच पुढच्या पिढीला कडेवरचे नाव वाचता येते.

आपल्या गावातील पेट्या

हमीदांचे नाव देशाने जपले आहे. पण ज्यांना शौर्यपदक मिळाले नाही, ज्यांच्या वाट्याला केवळ सेवेची आणि मोहिमेची पदके आली, अशी माणसे महाराष्ट्रातील गावोगावी होऊन गेली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी हा शब्द जोडला गेला आहे. इतर कितीतरी गावांतही जुन्या पत्र्याच्या पेटीत एखाद्या आजोबांचे गोल पदक आणि विटलेली फीत पडून असते. घर पाडताना ते मोडीत जाते, अथवा बाजारात किरकोळ भावाने विकले जाते. पेटीतून पदक एकदा निघून गेले की गोष्ट सांगणारे माणूसही राहत नाही.

आपल्या संस्थेच्या शाळांतील मुलांना सुटीत हे काम देता येईल. गावातील निवृत्त सैनिकांच्या आणि त्यांच्या वारसांच्या घरी जावे. पदक मागू नये, फक्त पाहण्यास मागावे. पुसून चकाकी आणण्याच्या नादात कडेवरची अक्षरे झिजवू नयेत. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि पट्टीवरील शब्द वहीत जसेच्या तसे उतरवावे. घरातील वडीलधाऱ्यांना आदबीने विचारावे की आजोबा कोठे होते, किती वर्षे होते, पत्रे आहेत काय. जे कागदात आहे ते वेगळे लिहावे आणि जे ऐकले ते वेगळे. अशा पन्नास वह्या झाल्या तर त्या तालुक्याचा एक प्रामाणिक इतिहास तयार होईल आणि आपली मुले इतिहास पाठ करण्याऐवजी तो शोधू लागतील.

हमीदांच्या चार पदकांपैकी तीन त्यांच्या मृत्यूनंतर आली. जे एक हयातीत आले ते कडाक्याच्या थंडीत, नाव न होता, मुकाट्याने केलेल्या चाकरीचे होते. त्या चाकरीच्या वर्षांतच त्यांचा हात तयार झाला आणि १० सप्टेंबरच्या सकाळी तो कामी आला. आज अभ्यासात, शिवणयंत्रावर, कारखान्यात अथवा शेतात जो तरुण रोजचे काम नेटाने शिकत आहे, त्याने हमीदांच्या या साध्या पदकाकडे अवश्य पाहावे. अल्लाहतआला मरहूम अब्दुल हमीद यांना जन्नत बख्शो आणि आमच्या मुलांना त्यांच्यासारखी कामावरची निष्ठा देवो, हीच प्रार्थना.